भोंग्याच्या जागी

घर, दि. ३ जून

चि. भोंग्यास आजीचे अ. उ. आ.

पोचल्याची चिठ्ठी मिळाली. आत्याने तुला माडीवरची खोली दिली आणि बोलू नयेस म्हणून गळ्यात पाटी अडकवली, हे वाचून मी इतकी हसले की इस्त्री एका वकिलाच्या सदऱ्यावर तशीच राहिली. पाठीवर तपकिरी होडी उमटली. वकिलाला सांगणार आहे की कोर्टात कोट काढू नका. तुझी आत्या माझ्याच पोटची, पण एवढी शिस्त तिने कुठून उचलली देव जाणे.

गळ्यातल्या गाठी कापल्या, आता डॉक्टर पुन्हा नळी घालून बघेपर्यंत हूं की चूं करायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, हे मी एकूण एक गिऱ्हाइकाला सांगते. कुणाचा विश्वास बसत नाही. तू जन्मलास तेव्हा असा रडलास की समोरचा सुतार कारखान्याचा भोंगा झाला समजून डबा घेऊन कामाला निघाला. तेव्हापासून तू भोंगा. आता जन्मभराचं एकदम गप्प बसून घे. लिहायचं मात्र सोडू नकोस. मी तिसरीत शाळा सोडली तरी पत्राला बसले की मला उठवायला दोन माणसं लागतात, आणि तू एवढा शिकून चार ओळी खरडतोस.

तुमची ओली लाकडं रोज येतात. बँडला असलं नाव कुणी ठेवतं का रे, नुसता धूर आठवतो. पण आता माझ्या तोंडात बसलंय. ढोल्या पत्र्याची पिंपं बडवतो, व्हायोलीनवाली डोळे मिटून दात दुखल्यासारखं तोंड करते, आणि घुम्या कुणाशी न बोलता पेटाऱ्याची बटणं फिरवून सगळ्यांचे आवाज उलटे चालवतो. काल त्याने माझी शिंक पकडून ठेवली. दुपारभर ती भिंतीतून, छतातून, पाण्याच्या पिंपातून येत होती. मला फार मजा आली. दोऱ्यांवर लोकांचे कपडे टांगलेले असतात म्हणून या खोलीत आवाज मऊ होतो, असं त्याने मला सांगितलं. म्हणजे इस्त्रीच्या दुकानाचाही तुमच्या कलेला उपयोग आहे म्हणायचा. तुमचं ते भलंमोठं गाणं सुरू झालं की दोन सदरे आणि एक दुहेरी चादर होते तरी संपत नाही. तू नाहीस तर मधली जागा मोकळी वाटते खरी. पण वाईट नाही वाटत. हवेशीर वाटतं.

कंपनीवाला येऊन गेला. तुमच्या गाण्याची तबकडी काढायचं नक्की म्हणाला. तुझी चौकशी त्याने केली नाही, मीच आपणहून सांगितलं की हा बँड आमच्या भोंग्याने काढला, याच टेबलाखाली बसून, शाळेला दांडी मारून. त्याने टेबलाखाली वाकून बघितलं.

दूध कोमट पीत जा. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.
तुझी आजी

दि. ९ जून

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

एक काम कर. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगता येत नाही.

आमच्यात हात वर करून काही ठरत नाही. हा नियम मीच केला, कारण बोलायला बसलं की ढोल्या सगळ्यांना खातो. काही ठरवायचं असेल तर आम्ही हूं लावतो. ज्यांना ती गोष्ट हवी ते एक सूर धरतात, नको असेल तो वेगळा सूर धरतो. दम घ्यायची मुभा आहे. जो गप्प झाला किंवा दुसऱ्यांच्या सुरात गेला, त्याला पटलं असं धरायचं. एकच सूर उरला की ठरलं, मग भांडण नाही. पहिली तीन वर्षं आमचं कुणी ऐकत नव्हतं. फर्निचरच्या दुकानाचं उद्घाटन असो की कॉलेजचं मैदान, आम्ही सुरू झालो की लोक दाराकडे निघायचे. तेव्हा या नियमावर आम्ही टिकलो.

आता मी गप्प आहे, आणि नियमाने गप्प माणसाला सगळंच पटतं.

कंपनीवाला घाई करणार. ते माझ्याशिवाय रेकॉर्ड करू म्हणतील. डॉक्टर महिनाअखेरीच्या पुढे बघणार आहेत, तेवढं थांबायला हवं, बाकी माझं काही मागणं नाही. तू माझ्या जागी बैस. आपल्या गल्लीच्या टोकाला गिऱ्हाईक दिसलं तर तू दुकानातून हाक मारतेस, तुझ्याएवढा दम त्यांच्यात कुणाचा नाही. पेटीवर डावीकडची तिसरी काळी पट्टी दाबून बघ. तो सूर धर. त्यांच्या सुरापुढे तो वाईट लागेल. लागू दे. वाईट लागावा म्हणूनच धरायचा आहे.

आपला, भोंगा

घर, दि. १६ जून

चि. भोंग्यास आजीचे अ. उ. आ.

अरे, काय सांगू आणि कुठून सुरुवात करू! आधी वकिलाचं सांगते, नाहीतर विसरेन. तो आला, त्याने होडी बघितली, आणि आता सगळे सदरे माझ्याकडेच देतो, कारण दुसरीकडे गेला तर तिथे ही होडी कुणी पाडली ते सांगावं लागेल. माणसं कशी असतात बघ.

तर तू म्हणालास तसंच झालं. गुरुवारी कंपनीवाल्याचा निरोप आला की हंगाम निघून चालला, ताबडतोब काम हवं. ढोल्याने हूं लावू म्हटलं. मी इस्त्री उभी केली, हात पुसले आणि तुझ्या स्टुलावर जाऊन बसले. ते एकमेकांकडे बघायला लागले. मी सांगितलं की भोंग्याच्या जागी मी. घुम्या म्हणाला की नियमात आजी चालत नाही असं कुठे नाही. इतकं लांब वाक्य त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यांनी त्यांचा सूर धरला, मी तुझा धरला. बरोब्बर तुझाच, पेटीवर दाबून बघितला होता. आणि बाबा रे, तो त्यांच्या सुरावर असा खरवडत होता की ओल्या रेशमावर गार इस्त्री ओढावी. माझ्या दाढा शिवशिवल्या. व्हायोलीनवालीने कपाळाला हात लावला. मी धरून ठेवला, खोटं नाही सांगत, दोनदा दम घेऊन धरला. मग म्हटलं जरासा वर सरकवून बघावा. जरासाच. आणि तो जाऊन असा बसला, जसा कोपऱ्याला कोपरा लागतो घडी घालताना! खोली भरून गेली. टांगलेल्या बाह्या हलल्या. ढोल्याच्या डोळ्यांत पाणी आलं, एवढा रेडा तो, त्याच्या डोळ्यांत पाणी. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की तुम्ही पोरं याच्यापायी का मरता.

मग ते म्हणाले ठरलं. तुझ्यावाचून तबकडी. मला जरा उशिराच उमगलं, पण त्या आनंदात मोडता कोण घालणार? तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुझी जागा रिकामी ठेवली नाहीये, मी आहे ना.

आत्याला म्हणावं पडदे धुताना मीठ घाल. माया असू द्यावी.
तुझी आजी

दि. २० जून

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुला एक सूर धरायला सांगितला होता. एक.

आता नियमाने एवढंच उरतं की ठरलेलं ज्याला मोडायचं आहे त्याने काम सुरू व्हायच्या आत स्वतः येऊन वेगळा सूर लावायचा. ते मला शक्य नाही हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यांना सांग की मी अजून बँडमध्ये आहे. आणि माझं गाणं कोण म्हणणार ते कळव.

भोंगा

घर, दि. २६ जून

चि. भोंग्यास आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र म्हणजे तार. माणूस गप्प बसला की लिहिण्यात तरी मोकळा होतो असं मला वाटत होतं. असो.

तुझं गाणं मी म्हणते! हस आता. पण मनात हस, गळ्याला त्रास नको. त्याचं असं झालं की मी चादर घडी करत होते. मोठी चादर एकटीला होत नाही, तर व्हायोलीनवालीला दुसरं टोक धरायला लावलं आणि सवयीने म्हणायला लागले, तू तिकडून ये, मी इकडून येते, कोपऱ्याला कोपरा देते घेते. मी पोरवयात मोठ्या धुलाईखान्यात होते ना, तिथे आम्ही दोघी दोघी समोरासमोर उभ्या राहून हे म्हणायचो, म्हणजे घडी वाकडी जात नाही. घुम्याने ते पकडलं. त्याला उलटं केलं, ओढून लांब केलं, खाली पिंपं लावली, आणि बघता बघता ते तुझ्या मोठ्या गाण्याच्या पोटात जाऊन बसलं. तुझे शब्द काढले. ते खूप होते असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मलाही पूर्वीपासून वाटायचं, पण तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते.

शनिवारी कामगारांच्या सभागृहात कार्यक्रम झाला. मागे माझ्याच चार पांढऱ्या चादरी शिवून लावल्या. एक मुलगी काचेच्या ताटलीत तेल आणि रंग घालून खालून दिवा लावते, आणि ते सगळं चादरीवर फुगतं, फुटतं, पुन्हा एक होतं. मला काळा चष्मा लावला आणि मधोमध उभी केली. मी घाबरले नाही. लोक उभे राहिले रे! दाराकडे कुणी गेलं नाही. एक जण तर जमिनीवर आडवा पडून रडत होता, त्याला मी वरूनच विचारलं की बाबा, जेवलास का, तर त्यालाही टाळ्या पडल्या.

तू अजून बँडमध्ये आहेस, हा तुझा निरोप मी सांगितला. हो हो म्हणाले.

आंघोळीनंतर गळा झाकत जा. विसरू नये, एवढीच मागणी.
तुझी आजी

दि. ३० जून

आजी,

व्हायोलीनवाली रविवारी येऊन गेली. ती बोलत होती आणि मी पाटीवर लिहीत होतो. तिने सांगितलं ते तुला लिहितो, तुला कळायला हवं.

तू चष्मा लावून हात हलवतेस तेव्हा लोक हसतात. ढोल्या तुझ्या वेळी मुद्दाम ठेका अडखळवतो, म्हणजे तू अडखळशील आणि ते आणखी हसतील. कंपनीवाल्याने विचारलं की म्हातारी किती टिकेल. घुम्या म्हणाला की मेली तरी चालेल, आवाज साठवून ठेवलाय.

आणि आता माझं. तुझा आवाज मला कधीच सहन झालेला नाही. लहानपणी तू अंगाई लावलीस की मी झोपल्याचं सोंग घ्यायचो, तू थांबावीस म्हणून.

दुकान तुझं आहे. खोलीला कुलूप लाव. त्यांना दुसरीकडे असा आवाज मिळणार नाही, काम थांबेल, आणि मी डॉक्टरांना दाखवून परत येईन. एवढी लाज तुझ्यात असेल असं धरून चालतो.

भोंगा

घर, दि. ५ जुलै

चि. भोंग्यास आजीचे अ. उ. आ.

चार ओळींच्या वर लिहिलंस, बरं वाटलं. अक्षरही सुधारलंय.

हसतात ते मला दिसतं की रे. चष्मा काळा आहे, मी आंधळी नाही. जन्मभर या टेबलामागे उभी राहिले. लोकांनी आपापल्या कपड्यांकडे बघितलं, माझ्याकडे मान वर करून कुणी बघितलं नाही. घाम टपकून डाग पडला तेव्हा तेवढं बघितलं. आता सभागृहभर माणसं बघतात. हसून बघतात तर हसून. ढोल्याचा डाव मला पहिल्याच दिवशी कळला. तो अडखळला की मी जास्तच अडखळते, मग त्याला ते सावरता सावरता घाम फुटतो. आमची जुगलबंदी आहे ती. घुम्याचं बोलणं ऐकून तर मी खूश झाले. मी मेल्यावर माझी शिंकसुद्धा मागे राहणार, याहून कुणाला काय हवं?

अंगाईचं कळलं. सोंग झकास घ्यायचास, मी फसायचे. पण तुला कुणी सांगितलं की ती मी तुझ्यासाठी म्हणायचे? मला गायचं असायचं. एकटी गायला लागले तर शेजारी म्हणाले असते बाईचं डोकं फिरलं. हातात मूल असलं की कुणी काही म्हणत नाही. तू झोपलास की मला थांबावं लागायचं, राग यायचा तुझा.

कुलूप लावायचं म्हणतोस, तर मी उलट जास्तीची किल्ली करून ढोल्याला दिली. काम इथेच होणार आहे, अकरा तारखेला. कंपनीवाला त्याची यंत्रं घेऊन येणार. मी गिऱ्हाइकांना आधीच सांगून जास्तीचे कपडे मागवलेत, जाड जाड, कोटबिट, आवाज आणखी मऊ व्हावा म्हणून. वाटलं तर ऐकायला ये. मात्र तोंड उघडू नकोस हो.

राग उतरला की दोन ओळी लिही. नाही उतरला तरी लिही.
तुझी आजी

दि. ११ जुलै, सकाळ

ती. आईस सा. न. वि. वि.

हे तुझ्या सुताराच्या मुलाबरोबर पाठवते, टपालाने पोचायचं नाही. भोंगा न सांगता घरातून निघाला. पाटी पलंगावर ठेवून गेलाय. काल त्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. ते म्हणाले फार छान भरून येतंय, अजून थोडी कळ काढली तर आवाज पहिल्यासारखा येईल, पण आत्ता जोर लावला तर कायमचा गेला, मग आपल्या हातात काही नाही.

आई, तो तिकडेच येतोय. तुझ्या पाया पडते, त्याला दारातच थोपव. त्याने तोंड उघडायच्या आत तुम्ही सगळे त्याचं ऐका. पाहिजे तर खोटं ऐका. तुला जमेल. तुझ्या मनात असलं की सगळं जमतं.

तुझी, मोठी

घर, दि. १९ जुलै

चि. भोंग्यास आजीचे अ. उ. आ.

दवाखान्यातून घरी आलास असं आत्याने कळवलं. तिने मला आणखीही बरंच कळवलंय, ते जाऊ दे. ती चिडली की तिचं तोंड तिच्या बापासारखं होतं. तिची चिठ्ठी मला वेळेवर मिळाली होती. एप्रनच्या खिशात घातली आणि वाचायची राहिली. त्या दिवशी केवढी गडबड, तू बघितलंसच.

खरं तर तू काय बघितलंस कुणास ठाऊक, दारात उभा होतास, तुझा चेहरा त्या कोटांच्या रांगेतून एवढासा दिसत होता. मी तुला आत ये म्हणून खूण केली. कंपनीवाला नुकताच म्हणाला होता की यंत्र चालू करतो, सुरुवात अजून व्हायची होती. म्हणजे नियमाने तुझी वेळ अजून होती. तू तोंड उघडलंस आणि तुझा तो सूर लावलास. कसा लावलास रे! इतके दिवस मुरवलेला होता म्हणूनच तसा आला असणार.

मग त्यांनी त्यांचा धरला. आणि तू माझ्याकडे बघत राहिलास. मीही त्यांचाच धरला. मला तो आता सवयीचा झालाय. शिवाय नियम म्हणजे नियम, तूच केलेला, हे सगळ्यांनी नंतर कबूल केलं. ढोल्या गळाठला होता, पण सोडला नाही त्याने. दम घेताना तुझ्या सदऱ्यावर लाल थेंब पडले तेव्हा मी मनात म्हटलं, गार पाण्यात भिजत घालायला हवं, गरम लागलं तर डाग बसतो. मग तुझा सूर फाटला, मग दोन सूर झाले, मग नुसती हवा यायला लागली, आणि तरी तू तोंड उघडंच ठेवलं होतंस. ते बंद झालं तेव्हा आमचा एकच उरला होता. फार सुंदर लागत होता.

आता ऐक, आनंदाची गोष्ट. ते सगळं यंत्रात आलंय! कंपनीवाला वेडा झालाय. म्हणतो, असला आवाज पैसे देऊन मिळत नाही. तबकडी त्यानेच सुरू होते. घुम्याने तो उलटा चालवलाय, म्हणजे आधी नुसती हवा, मग फाटलेला, मग जोडत जोडत येतो आणि शेवटी तुझा आवाज असा धडधाकट, स्वच्छ होऊन उभा राहतो की कुणालाही वाटावं आत्ता हा गाणार. तिथेच आम्ही सुरू होतो. मी रोज ऐकते. डॉक्टर म्हणाले ना की आता कुजबुजण्यापुरताच राहील? तर मग बघ, पूर्ण बरा झालेला तू फक्त आमच्याकडे आहेस.

आता गावोगाव कार्यक्रम ठरलेत. दुकान मी बंद करते आहे. वकील रडवेला झाला. गाडीत माझी जागा खिडकीपाशी, व्हायोलीनवालीला उलटी होते तरी मी दिली नाही.

तुझीही सोय लावली. दाराशी तिकिटं फाडायला माणूस हवा होता. कोण ठेवावं यावर हूं लागला, तर मी तुझं नाव घातलं आणि सगळ्यांचा सूर पहिल्याच दमात जुळला. बोलावं लागत नाही, तिकीट घ्यायचं, फाडायचं, अर्धं परत द्यायचं. आत काय चाललंय ते दारातून ऐकू येतं. फक्त पांढरा सदरा लागतो, कंपनीवाल्याचा आग्रह आहे. तुझ्या वतीने मी हो सांगून टाकलंय.

आपली माणसं आपल्याजवळ हवीत, दुसरं काय. अशीच ओढ असू द्यावी.
तुझी आजी

दि. २४ जुलै

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पांढरा एकच होता, त्याचे डाग निघाले नाहीत. आत्याने गरम पाण्यात घातला. फिकट निळा आहे. तो चालेल का, ते त्यांना विचारून कळवावे.

आपला, भोंगा